गोठ्यातल्या न्हाण्या: जांबोटीकडच्या एका घराचं प्रकरण

२०२२च्या जुलैत, तरण्या पावसाचे दिवस चालू असताना, सकाळी साडेसहाला मला आत्यांचा फोन आला. आत्या माझ्या नव्हेत, माझ्या शाळेतल्या मित्राच्या. पण चाळीस वर्षं मीही त्यांना आत्याच म्हणतो. त्या एवढंच म्हणाल्या, "भिंतीला पोट आलंय बघ. कौलाखाली झोपायला भ्या वाटूलालंय. ये की गा लवकर."

मी स्थापत्य अभियंता आहे. बेळगावात तीस वर्षं घरं बांधतोय. भिंतीला पोट येणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. खरं सांगायचं तर ती भिंत कुठली, हेही मी विचारलं नाही. कुठली असणार ते मला ठाऊक होतं, कारण सहा महिन्यांपूर्वी तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारायला होकार मीच दिला होता.

हे प्रकरण लिहायला घेतलं त्याला कारण आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली जुनी घरं दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायची, असा विचार आता बऱ्याच कुटुंबांत चाललाय. गोव्याची वाहतूक चोर्ला घाटातून जाते, पुण्या-हुबळीची माणसं पावसाळ्यात हिरवं बघायला येतात, आणि गावातली पोरं मात्र बेळगाव, पुणे, गोव्यात. घर मोकळं, रस्त्याला गर्दी, मग हिशोब सुचतोच. त्या हिशोबात आम्ही काय काय चुकलो ते मांडतो.

घर कसं होतं

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्यानं जांबोटी ओलांडली की कणकुंबीच्या अलीकडं डावीकडं आत जायचं. पूर्वाभिमुख घर, ४२ फूट लांब, ३० फूट रुंद. पुढं सोपा, मग माजघर, माजघराच्या दोन्ही अंगांना खोल्या, देवघर, स्वयंपाकघर, मागं पडवी, परडं, परड्याच्या कडेला गोठा आणि आड. जोतं जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंती मातीच्या, जवळजवळ दोन फूट जाड. खांब फणसाचे, तुळया मत्तीच्या लाकडाच्या. वर मंगळुरी कौलं.

कौलांवरून एक गंमत सांगतो. काही कौलांच्या पोटावर १८६५ असा आकडा उठवलेला होता. मित्राचा धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत आहे. त्यानं तो आकडा बघितला आणि पाटीवर 'सन १८६५पासून' असं लिहायचं ठरवूनच टाकलं. १८६५ हे बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल. छाप त्या कारखान्याचा, घराचा जन्मदाखला नव्हे. घर धाकट्याच्या पणजोबांनी बांधलं, म्हणजे फार तर शंभरएक वर्षांचं. तो जरा हिरमुसला. शेवटी पाटीवर साल घातलंच नाही.

घरात आत्या एकट्या. वय तेव्हा ७१. नवरा लवकर गेला, त्या माहेरी परतल्या, आईवडलांचं शेवटपर्यंत त्यांनीच केलं. थोरला, म्हणजे माझा मित्र, बेळगावात मास्तर होता, नुकताच निवृत्त झालेला. दोघा भावांचा बेत साधा होता: तीन खोल्या पाहुण्यांना, आत्या मागच्या खोलीत, पैसा थोरल्याचा निवृत्तीचा आणि धाकट्याच्या बचतीचा. अंदाज मी काढून दिला, ११ लाख रुपये.

"आत्या मागच्या खोलीत" हे वाक्य आम्ही तिघांनी सोप्यावर बसून, चहा पीत, आत्यांच्या देखत म्हटलं होतं. चहा त्यांनीच केला होता.

कागद

बांधकामाच्या आधी कागद बघायचे असतात हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. मित्राच्या घरी मात्र ते माझ्या तोंडून निघालं नाही. काम सुरू झालं जानेवारी २०२२ला आणि पंचायतीत उतारा काढायला थोरला गेला मार्चमध्ये. ई-स्वत्तूवर, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीत, घर अजून आजोबांच्याच नावावर. आजोबा २००९ला गेलेले, मृत्युपत्र नाही. वारस दोन शाखा: एक या भावांच्या वडिलांची, वडील आता नाहीत, आणि दुसरी आत्यांची.

वकिलांनी कागदावर दोन रेघा मारून दाखवल्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. लग्न झालेलं असो नसो, फरक पडत नाही. २००५ला बाप जिवंत होता का, हाही प्रश्न ऑगस्ट २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मिटलाय. कर्नाटकात तर काही बाबतींत हे १९९४लाच आलं होतं. घर वडिलोपार्जित धरा नाहीतर आजोबांचं स्वकष्टाचं धरा, या कुटुंबात उत्तर एकच निघत होतं. निम्मं घर आत्यांचं.

थोरला परत आला तो गप्पच होता. रात्री फोनवर म्हणाला, "अरे, आम्ही तिला तिच्याच घरात मागच्या खोलीत ढकलूलालो होतो."

त्यांनी एक गोष्ट बरी केली. हक्कसोडपत्राची कुजबुज नातेवाइकांतून सुरू झाली तेव्हा थोरल्यानं ती तिथंच थांबवली. उताऱ्याला तिघांची नावं लागली. तिघांनी कागद केला की पाहुण्यांचं उत्पन्न आधी घराच्या देखभालीला, उरलं तर निम्मं आत्यांना. पंचायतीतले अर्ज कन्नडमधून, आत्यांना वाचता येतं ते मराठी. शेजारचा कन्नड शाळेत शिकलेला पोरगा ओळ अन् ओळ वाचून दाखवायचा आणि त्याही दोनदोनदा विचारून मगच सही करायच्या. या भागात बाकी काही असलं तरी असा एक पोरगा प्रत्येक गल्लीत असतो, हे आमचं नशीब.

हे सगळं झालं तोवर बांधकाम पुढं गेलं होतं. चूक त्याच्या पोटात आधीच बसली होती.

न्हाणी घरात आणायची का

जुन्या घरात पाण्याची कामं मागं. अंघोळ न्हाणीत, न्हाणी परड्याला लागून, भांडी आडाजवळ. आपल्याला वाटतं हे सोवळ्याओवळ्यातून आलं असेल. असेलही थोडं. पण मातीच्या भिंतीच्या घरात ते बांधकामाचं शहाणपण आहे. माती ओझं उत्तम पेलते, कोरडी असेल तोवर. खालून-आतून पाणी शिरलं की तिचा चिखल होतो आणि वरचं माळ्याचं, कौलांचं ओझं त्या चिखलावर बसतं.

धाकट्याचं म्हणणं होतं की खोलीला जोडून संडास-बाथरूम नसेल तर आज कुणी येत नाही. म्हणणं खोटं नव्हतं. त्यानं नेमलेल्या ठेकेदारानं पश्चिमेच्या दोन खोल्यांचे कोपरे काढून तिथं न्हाण्या बसवल्या. आतून भिंतीला टाइल, टाइलखाली सिमेंट, नळाच्या पाइपांसाठी भिंतीत खाचा. बाहेरून 'एकसारखं दिसावं' म्हणून पूर्ण पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. मला विचारलं तेव्हा मी जाऊन बघितलं, पाणी मुरू नये म्हणून गिलाव्यात मिसळायचं रसायन सुचवलं आणि ठीक आहे म्हणालो. माझी तीस वर्षं आरसीसी आणि विटांत गेली. मातीच्या भिंतीवर मी वीट समजून मत दिलं.

आत्यांनी दोनदा सांगितलं होतं. एकदा भावांना: "न्हाणी घरात आणू नका, पश्चिमेची भिंत दर पावसाळ्याला घाम टाकते." एकदा मला, जरा वेगळ्या शब्दांत: "तिला श्वास घ्यायला जागा ठेव की." मी हसून मान डोलावली होती.

त्या म्हणत होत्या ते शब्दशः खरं होतं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, भिंत ओली होते, उघडीप मिळाली की वारा ती ओल खेचून नेतो. म्हणून तर त्या दर मेमध्ये पश्चिमेला गवताच्या तट्ट्या बांधत. सिमेंटचा गिलावा पाणी आत येऊ देत नाही असं आपण समजतो. प्रत्यक्षात माती आणि सिमेंट सारखे फुगत-आकसत नाहीत. केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. त्यात एका न्हाणीच्या मोरीचा सांधा गळत होता. बाहेरून पाऊस, आतून मोरी, मध्ये कोंडलेली भिंत. शिवाय त्या वर्षी तट्ट्या बांधल्या नव्हत्या. नवा गिलावा झाकून जाईल म्हणून.

तरण्यातले पाच दिवस

मी पोचलो तेव्हा भिंत जोत्यापासून चारएक फुटांवर अडीच इंच बाहेर आली होती, साधारण अकरा फूट लांबीत. हात लावला तर गिलावा पोकळ वाजत होता.

अशा वेळी पहिला विचार येतो तो भिंत उतरवायचा. जुलैत, भर पावसात, ओली भिंत घाईनं उतरवली तर वरची तुळई आणि कौलं अंगावर घ्यायची तयारी पाहिजे. आम्ही उलट केलं. आधी आतून तुळईखाली मत्तीचे टेकू लावले, खाली फळी, वर पाचर, आणि पाचर हळूहळू ठोकत ओझं भिंतीवरून काढून टेकूंवर घेतलं. याला दीड दिवस गेला. मग नळाचं पाणी तोडलं. वळचणीला ताडपत्री बांधली. सगळ्यात शेवटी बाहेरचा गिलावा छिन्नीनं, कडेकडेनं, उतरवला. तो निघाला तेव्हा मागची माती भाकरीच्या पिठासारखी मऊ होती, बोट रुतत होतं.

टेकू लावायला आला तो शेजारच्या वाडीतला मेस्त्री. सत्तरी ओलांडलेला, मातीचं काम करणारा त्या बाजूला उरलेला बहुतेक शेवटचा. त्यानं भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, "हे कुणी करायला लावलं?" मी सांगितलं, मीच. पुढं तो काही बोलला नाही. त्यानंतर त्या घरातला एकही निर्णय मी त्याला आणि आत्यांना विचारल्याशिवाय घेतला नाही.

भिंत डिसेंबरपर्यंत तशीच टेकूंवर वाळू दिली. धाकटा रोज फोन करायचा, कारण बँकेतला पैसा आणि रजा दोन्ही संपत आलं होतं. पण ओल्या मातीला तारीख देता येत नाही.

परत बांधणं

त्या अकरा फुटांत जोत्यावर तीन फूट जांभ्याचे चिरे चढवले, वर उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा. लाल माती, भाताचा भुसा आणि पिंजर पायानं तुडवून आठवडाभर मुरवलेली. वरून चुन्याचा गिलावा. कळीचा चुना आणून विरवला, गाळला, पाण्याखाली ठेवला. मेस्त्रीनं त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घातला. हे ऐकीव नव्हे, तसं केल्यानं चुना लवकर सुकून तडकत नाही आणि हाताखाली नीट घोटला जातो. सिमेंटपेक्षा मजुरी जास्त गेली आणि वेळ तिप्पट. गिलावा मार्चमध्ये पुरा झाला. पूर्ण पश्चिमेची भिंत परत चुन्यात आली.

छपराचं काम याच उन्हाळ्यात उरकलं. कौलं पावणेतीन हजाराच्या आसपास. सगळी उतरवून धुतली तर सहावा हिस्सा फुटका निघाला. नवीन कौलं खानापूरला मिळाली, पण जुन्या-नव्यांच्या खाचा एकमेकांत बसेनात. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा, तेवढ्या फटीतून पाणी येतं. म्हणून पुढच्या पाख्याला फक्त जुनी घातली आणि नवी सगळी मागच्या पाख्याला एकत्र घातली. माजघरात अंधार फार म्हणून सहा काचेची कौलं. त्यातली दोन माकडांनी पहिल्याच वर्षी फोडली. तिथं आता साधी कौलं आहेत.

वाश्यांचं एक सांगण्यासारखं आहे. माजघरावरचे वासे वाळवीनं पोखरलेले, निम्मे बदलावे लागले. स्वयंपाकघरावरचे मात्र कोळशासारखे काळे आणि आतून ठणठणीत. शंभर वर्षांच्या चुलीच्या धुरानं ते राखले होते. आत्या गॅसवर स्वयंपाक करतात, पण सकाळी चूल पेटवतातच. आम्हाला ती सवय वाटायची. नव्या वाश्यांना काजूच्या टरफलाचं तेल दोन हात लावलं. वास महिनाभर गेला नाही, म्हणून ते पाहुण्यांच्या आधी पुरेसं लवकर करावं.

आणि न्हाण्या? त्या गोठ्यात गेल्या.

ही कल्पना मेस्त्रीची. गोठा चार वर्षांपासून रिकामा. खाली दगडी फरशी, तिला बाहेरच्या अंगाला उतार, कडेनं नाली, भिंती छातीइतक्या चिऱ्यांच्या, वर हवा खेळती. जनावरांचं मूत वाहून जावं म्हणून जे केलं होतं तेच न्हाणीला लागतं. गोठ्याचे तीन भाग केले, प्रत्येक खोलीला तिची स्वतःची न्हाणी-संडास, दाराला वेगळी किल्ली. पडवीचं छप्पर चौदा फूट पुढं ओढून गोठ्याला टेकवलं, म्हणजे पावसात न भिजता जाता येतं.

शोषखड्ड्यांनी मात्र घाम काढला. आड गोठ्यापासून वीस फुटांवर. जांभ्याच्या जमिनीत पाणी झिरपायला वेळ लागत नाही, आणि पावसाळ्यात आडातलं पाणी हातानं काढण्याइतकं वर येतं. पिण्याच्या पाण्यापासून तीसेक फुटांच्या आत खड्डा घ्यायचाच नसतो, आणि अशा जमिनीत तेवढंही मला पुरेसं वाटेना. परड्याच्या उताराला, आडाच्या खालच्या अंगाला, पन्नास फुटांवर दोन खड्डे घेतले. एक भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिल्याला वर्ष-दीड वर्ष विश्रांती. त्यासाठी पाइपलाइन लांबली आणि परड्यातलं एक रामफळ गेलं. आत्या त्या झाडाबद्दल अजून बोलतात.

गरम पाण्याला गिझर नाहीत. दोन तांब्याचे बंब, पहाटे सहा ते नऊ. हेस्कॉमची वीज पावसाळ्यात कधी जाईल याचा नेम नसतो, बंबाला त्याचं काही नाही.

परवानग्या, थोडक्यात

घर भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या पट्ट्यात येतं. अभयारण्य २०११ला जाहीर झालं तेव्हापासून या भागात नवीन काही बांधायचं म्हटलं की वनखात्याचा प्रश्न येतो. आम्ही नवीन बांधत नव्हतो, जुनं राहतं घर दुरुस्त करत होतो. तरीही लेखी विचारून उत्तर हातात ठेवलं. पंचायतीचं ना-हरकत, पोलिसांची पडताळणी, मग पर्यटन खात्याकडं नोंदणी. न्याहारी द्यायची तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी लागते. आम्ही केली तेव्हा उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर वर्षाला शंभर रुपयांत काम व्हायचं. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारी फॉर्मवर ऑनलाइन भरायची, हे विसरू नये. जीएसटीची नोंदणी सेवेला वीस लाखांच्या वर, तिथवर हे घर या जन्मी पोचत नाही.

अर्ज आत्यांच्या नावानं केला. यात भावांचा मोठेपणा नाही, नियमच तसा आहे. होमस्टे म्हणजे मालकाचं कुटुंब तिथं राहत असलं पाहिजे. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेतही हीच अट आहे, आणि वर मर्यादा सहा खोल्या, बारा खाटांची. थोरला बेळगावात, धाकटा पुण्यात. राहणारं माणूस एकच होतं.

मीटर दोन घेतले. २०२३ला कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आली, महिन्याला २०० युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट. पाहुण्यांचे दिवे-पंखे आत्यांच्या मीटरवर घातले असते तर ते बरोबरही नव्हतं आणि कधीतरी अंगाशीही आलं असतं.

पाटी दोनदा रंगवली. पहिली मराठीत मोठी, खाली इंग्रजी. २०२४ला कायद्यात दुरुस्ती होऊन व्यवसायाच्या फलकावर साठ टक्के कन्नड आवश्यक झालं, तेव्हा नवी केली: वर कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी. बेळगाव भागात पाटी हा विषय किती तापतो हे वाचणाऱ्याला सांगायला नको. थोरल्याला ते लागलं, दोन दिवस नीट जेवला नाही. आत्या म्हणाल्या, "पाटी वाचून कोण येतंय? फोन करून, वाट चुकून, आणि परत फोन करूनच येतात."

पाहुणे

डिसेंबर २०२३ला पहिले पाहुणे आले, हुबळीचं एक जोडपं. खोलीचा दर दोघांना न्याहारीसकट सरासरी १,९०० रुपये पडला. पहिल्या पूर्ण वर्षात तीन खोल्या मिळून १३१ रात्री गेल्या, म्हणजे सुमारे २ लाख ४९ हजार. मदतीला येणाऱ्या दोन बायकांचा पगार, सरपण, किराणा, चादरी, छपराची डागडुजी, वीज धरून १ लाख १२ हजार खर्च. उरले १ लाख ३७ हजार. एकूण गुंतवणूक अकराची साडेसतरा लाख झाली होती. वाढलेल्या साडेसहा लाखांतला मोठा भाग ती एक भिंत, काढून टाकलेल्या न्हाण्या आणि वाया गेलेलं एक वर्ष यांचा आहे. कर्ज काढून हे केलं असतं तर हप्त्यातच मेलो असतो, असं थोरला म्हणतो आणि ते खरं आहे.

धाकट्यानं आणखी एक हिशोब ठेवला. त्या वर्षात चौकशी करून, संडास खोलीला जोडून नाही हे ऐकून, २७ जणांनी नकार दिला. हा आकडा तो मला अधूनमधून ऐकवतो. मी म्हणतो, भिंत उभी आहे. तो म्हणतो, २७. दोघांचंही बरोबर आहे. गुडघेदुखीच्या माणसाला रात्री चौदा फूट चालत न्हाणीला जायला सांगणं ही अडचणच आहे. त्यावर आमच्याकडं चांगलं उत्तर नाही. पडवीत रात्रभर दिवा, कठडा आणि दाराशी कोरड्या चपला, एवढंच केलंय.

न्याहारीचं सुरुवातीला धाकट्यानं पत्रक छापलं होतं: ब्रेड, ऑम्लेट, पोहे, इडली. आत्यांनी ते देवघराच्या कोनाड्यात ठेवलं आणि घावन केले. आता ठरलंय ते असं: एक दिवस घावन आणि नारळाची चटणी, एक दिवस तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, शेंगाचटणी. उन्हाळ्यात नाचणीची आंबील. फणसाच्या दिवसात फणस. भात इंटाण जातीच्या तांदळाचा, घरच्या शेतातला. एका पुणेकर बाईंनी आंबील बघून "हे काय आहे?" असं जरा नाक वर करूनच विचारलं होतं. जाताना बाटलीत भरून घेऊन गेल्या.

पाहुण्यांत तक्रारी दोन प्रकारच्या. एक, मोबाइलला रेंज नाही. सोप्याच्या उजव्या खांबापाशी उभं राहिलं की येते, म्हणून त्या खांबापाशी बाकडं टाकलंय आणि पैसेही तिथंच उभं राहून फोनवरून द्यायचे. दुसरी, धबधबे बघता आले नाहीत. वज्रपोहा आणि आसपासच्या धबधब्यांकडं भर पावसात जायला वनखातं मनाई करतं, आणि माणसं नेमकी तेव्हाच येतात. हे आता बुकिंगच्या वेळीच सांगतो. काही जण तरी येतात आणि दोन दिवस सोप्यावर बसून पाऊस बघतात. त्यातले काही परत आले.

पावसाळ्यावरून धाकटा आणि आत्यांचं अजून मिटलेलं नाही. मागणी सगळ्यात जास्त जुलै-ऑगस्टात, आणि घर सगळ्यात नाजूक तेव्हाच. मेमध्ये पश्चिमेला तट्ट्या बांधल्या की तिकडच्या खोलीत उजेड राहत नाही आणि भिंतीला हात लावला की गार लागतो. आत्या ती खोली मृग निघाला की बंद करतात. धाकट्यानं ऑनलाइन बुकिंगच्या कॅलेंडरवर तारखा अडवायच्या म्हणून विचारलं, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत? त्या म्हणाल्या, "मृगापासून हस्त संपेपर्यंत. तारीख तू पंचांगात बघ."

यंदा त्यानं पुण्यात पंचांग घेतलंय.